टर्मिनलमध्ये कीबोर्ड ऐकत नाही? आधी बटण कुठे अडकतंय ते शोधा

अंबडच्या एका कारखान्यातून रात्रपाळीत फोन आला. "दादा, बटणंच चालत नाहीयेत. एंटर मारून मारून थकलो, स्क्रीन ढिम्म हलत नाही." मी म्हटलं, कंट्रोल धरून एकदा क्यू दाबा. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अहो, पण मी आत्ताच मशीन बंद केलं ना." मागे अपडेट चालू होतं. ते अर्धवट राहिलं आणि सकाळची पाळी येईपर्यंत मी ते निस्तरत बसलो. झालं होतं एवढंच: एक्सेलच्या सवयीने त्याने सेव्ह करायला कंट्रोल-एस मारलं होतं.

असे फोन वरचेवर येतात आणि चूक जवळपास तीच असते. बटण नेमकं कुठे अडकलंय हे न पाहता लोक उपाय सुरू करतात. कोणी कीबोर्ड बदलतं, कोणी नेटवर सापडलेल्या चार ओळी बॅशआरसीत (बॅश या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये) चिकटवतं, कोणी सगळं नव्याने इन्स्टॉल करतं. बटण दाबल्यापासून ते प्रोग्रामला कळेपर्यंत मध्ये पाच-सहा टप्पे असतात: कीबोर्ड, लेआउट, टर्मिनलची खिडकी, टीटीवाय (लिनक्समधला टर्मिनल सांभाळणारा भाग), शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, बहुधा बॅश) आणि शेवटी प्रोग्राम. तपासायचं याच क्रमाने. मधूनच उडी मारली की दोन तास गेलेच समजा.

हा लेख लिनक्सच्या टर्मिनलबद्दल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीबद्दल आहे, मग ते समोरच्या मशीनवर असो किंवा विंडोजवरून पुटी या दूरच्या लॉगिनच्या प्रोग्रामने उघडलेलं असो.

वाचण्याआधी एक खूण. कमांड मी फोनवर सांगतो तशा, अक्षरं सुटी करून लिहिल्या आहेत. हायफनने जोडलेली अक्षरं सलग टाइप करायची, हायफन टाइप करायचा नाही. कंट्रोल-एस असं लिहिलंय तिथे मात्र कंट्रोल धरून ते बटण दाबायचं. खरोखरची आडवी रेघ हवी तिथे "डॅश" लिहिलंय. अक्षरं इंग्रजी आणि लहान लिपीतली. कॅपिटल हवं तिथे तसं सांगितलंय.

## तयारी

दुसरी वाट उघडी ठेवा. सर्व्हरवर काम करत असाल तर त्याच सर्व्हरवर आणखी एक लॉगिन करून ती खिडकी बाजूला ठेवा. एका खिडकीत कीबोर्ड पार गेला तरी दुसरीतून दुरुस्ती करता येते. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग डेटा सेंटरला फोन करत बसतात.

कागदावर तीन गोष्टी लिहा: नेमकं कोणतं बटण, ते दाबल्यावर पडद्यावर काय उमटतं, आणि हे कधीपासून. "बॅकस्पेस चालत नाही" हे अपुरं. "बॅकस्पेस दाबलं की ^एच उमटतं, पण पासवर्ड विचारतो तिथेच" असं लिहिलंत तर निम्मं उत्तर मिळालं.

> इशारा: एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि बिघाड गेला, तर कशाने गेला ते कळत नाही. परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

## 1. हा बिघाड आहे तरी का?

मला येणाऱ्या फोनमधले कितीतरी इथेच संपतात.

पासवर्ड टाइप होत नाही. होतोय, फक्त दिसत नाही. सूडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारं) किंवा एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करणारं) पासवर्ड मागतं तेव्हा बहुतेक ठिकाणी ठिपकेही उमटत नाहीत. मुकाट टाइप करा, एंटर मारा.

सगळं गोठलंय. कंट्रोल-एस म्हणजे टर्मिनलच्या भाषेत "थांब, पुढचं दाखवू नकोस". कंट्रोल-क्यू म्हणजे "आता चालू दे". पडदा गोठला की सगळ्यात आधी कंट्रोल-क्यू. ते दाबून काही बिघडत नाही, म्हणून शंका असली तरी दाबाच.

> इशारा: गोठलेल्या पडद्यावर वैतागून काहीही टाइप करू नका. ते वाया जात नाही, आत जातं. पडदा सुटला की तुम्ही तीनदा मारलेली रीस्टार्टची कमांड खरोखर चालू शकते.

ओळीच्या सुरुवातीला नुसतं > दिसतंय आणि कुठलीच कमांड चालत नाही. मागच्या ओळीत अवतरणचिन्ह उघडलं आणि बंद केलंच नाही. शेल ते बंद होण्याची वाट बघतंय. कंट्रोल-सी दाबा आणि कमांड नव्याने लिहा.

व्हिम (टर्मिनलमधला एडिटर) अचानक गायब झालं. कंट्रोल-झेड दाबलं गेलं. एफ-जी लिहून एंटर मारा, फाइल होती तशी परत येईल. नव्याने व्हिम उघडू नका, नाहीतर स्वॅप फाइलची सूचना येते आणि माणूस आणखी घाबरतो.

टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) माउसचं चाक फिरवल्यापासून टाइप होत नाही. तुम्ही कॉपी मोडमध्ये गेलात. क्यू दाबून बाहेर या.

## 2. कीबोर्ड

टर्मिनल सोडा, साधा टेक्स्ट एडिटर उघडा आणि तेच बटण दाबा. तिथेही चालत नसेल तर टर्मिनल निर्दोष आहे. दुसरा यूएसबी कीबोर्ड लावून बघा. पावसाळ्यात शॉपफ्लोअरवरचे कीबोर्ड ओलसर होतात, त्यात तेल आणि लोखंडाचा बारीक चुरा. चहाबद्दल तर बोलायलाच नको. दोनशे-तीनशे मिनिटं सॉफ्टवेअर खणण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम आधी उरका.

सगळी बटणं उशिरा उमटत असतील किंवा ओझरतं दाबलेलं बटण लागतच नसेल, तर विंडोजमधल्या फिल्टर कीज बघा. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की त्या सुरू करायची विचारणा येते आणि आपण न वाचता "हो" म्हणतो. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज. नम लॉकही बघून घ्या.

तपासणी: एडिटरमध्ये सगळं नीट उमटतंय? मग पुढे.

## 3. लेआउट

आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त गोंधळ, कारण आपण एकाच मशीनवर मराठीही लिहितो. कार्यालयाला पत्र लिहून झालं, इनस्क्रिप्ट चालूच राहिलं आणि टर्मिनलमध्ये एल-एस टाइप केलं, तर उमटतं "ते". सी-डी टाइप केलं तर "म्". शेल बिचारं सांगतं, "ते" नावाची कमांड सापडली नाही. हे निदान दिसतं. खरा त्रास शॉर्टकटचा. देवनागरी लेआउट चालू असताना काही टर्मिनलांत कंट्रोल-सी पोचतच नाही, कारण त्या बटणावर आता "म" बसलेला असतो. प्रोग्राम थांबत नाही आणि आपण टर्मिनलला शिव्या घालतो. विंडोजवर विंडोज-स्पेस, लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर सुपर-स्पेस (सुपर म्हणजे तेच विंडोजचं बटण) दाबून इंग्रजीवर या आणि पुन्हा बघा.

दुसरा प्रकार: अक्षरं बरोबर, चिन्हं चुकीची. ही पाच चिन्हं एडिटरमध्ये टाइप करा:

@ " # ~ |

शिफ्ट-2 ने @ ऐवजी " आलं आणि शिफ्ट-3 ने # ऐवजी पाउंडचं चिन्ह आलं, तर लेआउट ब्रिटिश आहे. आपल्याकडचे बहुतेक कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे. पण उबंटू टाकताना "आपण ब्रिटिश इंग्रजी शिकलो" म्हणून इंग्लिश यूके निवडणारे भरपूर सापडतात. त्यांची खरी पंचाईत पाइपच्या चिन्हाची होते. ब्रिटिश मांडणीत ते डाव्या शिफ्टशेजारच्या जादा बटणावर असतं, आणि ते बटण अमेरिकन कीबोर्डवर नसतंच. एंटरच्या वरच्या बटणावर | छापलेलं असतं, दाबलं की ~ उमटतं.

तिसरा प्रकार: अवतरणचिन्ह पहिल्यांदा दाबलं तर काहीच नाही, आणि पुढे सी दाबला तर खाली शेपटी असलेला सी. हे अमेरिकन इंटरनॅशनल लेआउट, ते फ्रेंच-पोर्तुगीजसारख्या भाषांच्या सोयीचं. आपल्याला साधं इंग्लिश यूएस पुरतं.

दुरुस्ती सेटिंग्जमधून करा: कीबोर्ड, मग इनपुट सोर्सेस. इंग्लिश यूएस सगळ्यात वर आणि मराठी त्याखाली ठेवा. खिडक्या नसलेल्या, नुसत्या काळ्या पडद्याच्या डेबियन-उबंटू सर्व्हरवर ही कमांड:

एस-यू-डी-ओ स्पेस डी-पी-के-जी डॅश आर-ई-सी-ओ-एन-एफ-आय-जी-यू-आर-ई स्पेस के-ई-वाय-बी-ओ-ए-आर-डी डॅश सी-ओ-एन-एफ-आय-जी-यू-आर-ए-टी-आय-ओ-एन

> इशारा: एसएसएचने लॉगिन केलेल्या दूरच्या सर्व्हरवर लेआउट बदलून उपयोग नाही. लेआउट तुमच्या समोरच्या मशीनचं असतं. सर्व्हरला तयार अक्षर पोचतं.

## 4. खिडकीच बटण गिळते का?

ग्नोम टर्मिनलमध्ये एफ-10 मेनू उघडतं, एफ-11 खिडकी मोठी करतं, एफ-1 मदत दाखवतं. आत चाललेल्या एचटॉप किंवा मिडनाइट कमांडरसारख्या प्रोग्रामला ती बटणं पोचतच नाहीत. प्रेफरन्सेसमध्ये मेनूचं शॉर्टकट बंद करता येतं. ऑल्टसोबतची बटणं मेनूकडे जात असतील तर तेही तिथेच. मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑप्शन बटण मेटा म्हणून वापरायची खूण प्रोफाइलच्या कीबोर्ड पानावर करावी लागते. न केल्यास ऑप्शन-बी ने शब्दभर मागे जाण्याऐवजी विचित्र चिन्ह उमटतं.

क्लाउडचं टर्मिनल ब्राउझरमध्ये उघडत असाल तर कंट्रोल-डब्ल्यूपासून सांभाळा. शेलमध्ये ते मागचा शब्द पुसतं, ब्राउझरमध्ये अख्खा टॅब बंद करतं. माझा स्वतःचा अर्ध्या तासाचा खटाटोप असा गेलाय.

कॉपी-पेस्ट टर्मिनलमध्ये सहसा कंट्रोल-शिफ्ट-सी आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही. पुटीत माउसचं उजवं बटण म्हणजे थेट पेस्ट, विचारणं वगैरे नाही.

## 5. बटण काय पाठवतंय ते डोळ्यांनी बघा

सगळ्यात कामाची पायरी ही, आणि जवळपास कोणीच करत नाही.

शेलच्या रिकाम्या ओळीवर कंट्रोल-व्ही दाबा, सोडा, मग बिघडलेलं बटण दाबा. बटणाने पाठवलेला कोड जसाच्या तसा उमटतो. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, तिथे ही युक्ती चालत नाही. त्याऐवजी सी-ए-टी लिहून एंटर मारा, मग बटण दाबा, आणि झालं की कंट्रोल-सीने बाहेर या. त्या वाटेने बॅकस्पेस मात्र दिसणार नाही, कारण ते दिसण्याआधीच काम करून मोकळं होतं.

काय दिसायला हवं:

- बॅकस्पेस: ^? किंवा ^एच
- वरचा बाण: ^[[ए किंवा ^[ओए
- डिलीट: ^[[3~
- होम: ^[[एच, ^[ओएच किंवा ^[[1~

इथली ए, ओ, एच ही कॅपिटल अक्षरं. ^[ म्हणजे एस्केप.

आता निष्कर्ष. काहीच उमटलं नाही, तर बटण शेलपर्यंत आलंच नाही. टप्पा 4 वर परत जा. वरच्यापैकी काही उमटलं, तर कीबोर्ड आणि खिडकी ठीक, आणि बिघाड पलीकडे आहे. भलतंच उमटलं, तर टर्मिनलच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये गडबड. जे उमटलं ते कागदावर लिहून ठेवा, टप्पा 8 मध्ये लागेल.

## 6. टीटीवायची सेटिंग्ज

ही कमांड द्या:

एस-टी-टी-वाय स्पेस डॅश-ए

येणाऱ्या यादीत "इरेज" शोधा. त्यापुढे ^? असेल आणि तुमचं बॅकस्पेस ^एच पाठवत असेल, किंवा उलट, तर दोघांचं जमत नाही. एकाला दुसऱ्यासारखं करा. एस-टी-टी-वाय स्पेस ई-आर-ए-एस-ई स्पेस लिहा, मग कंट्रोल-व्ही, मग बॅकस्पेसचं बटण, मग एंटर. तुमचं बटण जे काही पाठवतं तेच पुसण्याचं चिन्ह ठरतं.

टाइप केलेलं दिसत नाही, पण कमांड चालतात. एखादा प्रोग्राम मध्येच मेला आणि टीटीवायला आहे त्या अवस्थेत सोडून गेला. न दिसताच हे टाइप करा:

एस-टी-टी-वाय स्पेस एस-ए-एन-ई

एंटर दाबलं की ^एम उमटतं. मग वरची कमांड देणार कशी? एंटरऐवजी कंट्रोल-जे. म्हणजे कंट्रोल-जे, कमांड, पुन्हा कंट्रोल-जे. हे एवढं पाठ असू द्या.

अक्षरांच्या जागी रेघोट्या आणि चौकोन. फोटो किंवा झिप फाइल चुकून कॅटने (फाइल पडद्यावर ओतणारी कमांड) उघडली गेली. त्यातल्या एखाद्या बाइटने टर्मिनलचा अक्षरसंचच बदलला. आर-ई-एस-ई-टी लिहून एंटर. टाइप करताना कचराच दिसेल, दिसू द्या. पडदा साफ करणारी क्लिअर कमांड इथे कामाची नाही. ती फक्त फळा पुसते.

कंट्रोल-एसचं गोठणं कायमचं नको असेल तर एस-टी-टी-वाय स्पेस डॅश-आय-एक्स-ओ-एन. ही ओळ बॅशआरसीत ठेवता येते, पण अगदी वर नको. उबंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीलाच "कोणी समोर बसलेलं नसेल तर इथूनच परत जा" अशा अर्थाचा भाग असतो, त्याच्या खाली लिहा. वर लिहिली तर आरसिंक किंवा एससीपीने फाइल पाठवताना, टर्मिनल नसतानाच ही कमांड चालते आणि एररची कुरकुर सुरू होते.

तपासणी: रिकाम्या ओळीवर दहा अक्षरं टाइप करून बॅकस्पेसने सगळी पुसा. मग सूडोच्या पासवर्डलाही तसंच करून बघा. तिथे शेल नसतं, नुसतं टीटीवाय असतं.

## 7. टर्म

टर्म म्हणजे टर्मिनल कोणत्या जातीचं आहे हे प्रोग्रामना सांगणारं नाव. ते बघायला: ई-सी-एच-ओ स्पेस $ आणि त्याला जोडून कॅपिटलमध्ये टी-ई-आर-एम. उत्तर सहसा "एक्सटर्म-256कलर" येतं. टीमक्सच्या आत ते "टीमक्स" किंवा "स्क्रीन"ने सुरू व्हायला हवं. टीमक्सच्या आत असूनही एक्सटर्म आलं, तर कोणीतरी बॅशआरसीत टर्म ठोकून बसवलंय. रंग येत नव्हते म्हणून कधीतरी केलेलं असतं, आणि त्या बदल्यात होम-एंडची बटणं बिघडतात. ती ओळ काढा. टर्म ठरवणं टर्मिनलचं काम, बॅशआरसीचं नाही.

नव्या धाटणीच्या टर्मिनलवरून जुन्या सर्व्हरवर गेलात आणि "अनोळखी टर्मिनल" अशी तक्रार आली, तर तिथे त्या टर्मिनलची माहितीच नाही. तेवढ्या लॉगिनपुरतं टर्मला एक्सटर्म-256कलर करा आणि काम उरका.

## 8. शेल

बाण दाबले की ^[[ए उमटतं, मागची कमांड येत नाही: पहिला संशय, तुम्ही बॅशमध्ये नाहीच. ई-सी-एच-ओ स्पेस $0 देऊन बघा. डेबियन-उबंटूवर यूजरॲडने खातं उघडलं आणि शेल सांगितला नाही, तर साधा एसएच मिळतो. तिथे हा एसएच म्हणजे डॅश नावाचं शेल, आणि त्याला बाणांचं वावडं आहे. सी-एच-एस-एच स्पेस डॅश-एस स्पेस /बी-आय-एन/बी-ए-एस-एच, मग पुन्हा लॉगिन. कंटेनरमध्ये शिरल्यावरही हेच दिसतं.

बॅशच आहे आणि होम-एंडच चालत नाहीत, तर घरच्या डिरेक्टरीत .इनपुटआरसी फाइल करून त्या कोडला काम नेमून द्यायचं. टप्पा 5 मध्ये होमला ^[[1~ आलं असेल, तर ओळ अशी: अवतरण, उलटी तिरकी रेघ, ई, [1~, अवतरण, कोलन, स्पेस, बिगिनिंग-ऑफ-लाइन. त्या नावातल्या रेघा खऱ्या आहेत, टाइप करायच्या. फाइल सेव्ह केली की कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर. बॅश फाइल पुन्हा वाचतं.

> इशारा: स्वतःची इनपुटआरसी केली की बॅश ईटीसी डिरेक्टरीमधली सगळ्यांची इनपुटआरसी वाचायचं सोडून देतं. होम सुधारलं आणि काल चालणारं डिलीट आज बंद पडलं, तर कारण हे. पहिल्या ओळीत $ जोडून आय-एन-सी-एल-यू-डी-ई, स्पेस आणि मूळ फाइलचा पूर्ण पत्ता लिहा.

झेडशेल इनपुटआरसी बघतच नाही. तिथे बाइंडकी वापरायचं, झेडशेलच्या स्वतःच्या आरसी फाइलमध्ये.

## 9. पुटी, टीमक्स आणि दूरचं लॉगिन

पुटीत टर्मिनलच्या खाली कीबोर्डचं पान आहे. बॅकस्पेस, होम-एंड आणि फंक्शन बटणं काय पाठवतील ते तिथे ठरतं. व्हिममध्ये नंबरपॅडवरून आकडे उमटण्याऐवजी भलत्याच ओळी तयार होत असतील, तर फीचर्सच्या पानावर ॲप्लिकेशन कीपॅड मोड बंद करा.

बदल करून थेट ओपन दाबलं तर तो त्याच खिडकीपुरता राहतो. परत सेशनच्या पानावर जा, यादीतलं नाव निवडा, सेव्ह दाबा, मग ओपन. "कालच नीट केलं होतं, आज परत तेच" या तक्रारीमागे बहुतेकदा न दाबलेलं सेव्ह असतं.

लिनक्सवरून एसएसएच केलेलं असताना नेट गेलं आणि खिडकी मेली, तर खिडकी मारू नका. एंटर, मग ~, मग टिंब. जोडणी तुटते, आणि तुमचं स्वतःचं शेल शाबूत राहतं. ~ ओळीच्या सुरुवातीलाच हवं, म्हणून आधी एंटर.

स्क्रीन या टीमक्ससारख्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-ए तो प्रोग्रामच खातो. ओळीच्या सुरुवातीला जायचं असेल तर कंट्रोल-ए, मग नुसता ए. कंट्रोल-ए नंतर चुकून एस दाबला तर तिथेही पडदा गोठतो. कंट्रोल-ए, मग क्यू.

टीमक्समधल्या व्हिममध्ये एस्केप अर्धा सेकंद उशिरा लागत असेल, तर जुन्या टीमक्सचा एस्केप-टाइम 500 मिलिसेकंद आहे. टीमक्सच्या सेटिंग फाइलमध्ये तो 10 करा.

## बदल पक्का करण्याआधी

जुनी खिडकी बंद न करता नवीन उघडा, नव्याने लॉगिन करा आणि कागदावरचं प्रत्येक बटण दाबून बघा: शेलमध्ये, व्हिममध्ये, पासवर्डच्या ओळीवर. नव्या खिडकीत सगळं बरोबर असेल तरच जुनी बंद करा.

एवढ्यानेही नाही सुटलं आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर चार गोष्टी सोबत पाठवा: कंट्रोल-व्हीने उमटलेला कोड, एसटीटीवायची पूर्ण यादी, टर्मची किंमत आणि टर्मिनलचं नाव. मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो नको, त्यात ^ कुठला आणि ~ कुठला ते कळत नाही.